दोतोरांचं बाकडं

चवथीला गावी गेलो होतो. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या फळापाल्याच्या मांडवीला, बांधायचे नारळ काढायला मांगरात, घरामागच्या खोपीत, शिरलो आणि काळोखात नडगी अशी आपटली की डोळ्यांपुढे काजवे, बॅटरी मारून बघतो तर दोतोरांचं बाकडं. फणसाच्या लाकडाचं, सहा फूट लांब, मधोमध माणसं बसून बसून खळगा पडलेला, आणि एका पायाखाली कौलाचा तुकडा असायचा तो कुठेतरी गेलाय त्यामुळे हात लावला तरी टकटक डुलतं. दवाखाना बंद झाला तेव्हा बाबांनी ते घरी आणलं होतं, एवढंच मागून घेतलं त्यांनी, ३१ वर्षांच्या नोकरीचं.

बाबा कंपाउंडर होते. गोव्यातल्या आमच्या पेडणे महालात, म्हणजे तालुक्यात, डॉक्टरला कोणी डॉक्टर म्हणत नसत, दोतोर. पोर्तुगीज जाऊन इतकी वर्षं झाली तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात इंजेक्शन नाही, इंजेसांव. मी शाळेतून आलो की सरळ दवाखान्यात, तिथे माझं एक काम ठरलेलं. मिक्स्चरच्या बाटलीच्या अंगाला कागदाची उभी पट्टी चिकटवायची असायची, तिला दोन्ही बाजूंनी खाचा मारायच्या, एक खाच म्हणजे एक डोस, हल्लीच्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटेल. वही फाडून त्या पट्ट्या मी कापायचो. शंभर पट्ट्यांना एक लिमलेटची गोळी. बाबा त्या खाचा डोळ्यांसमोर धरून तपासायचे, एखादी खाच लहानमोठी झाली की पट्टी बाद, कारण म्हणे एका खाचेने माणूस मरत नाही पण दोतोरांचं नाव जातं.

दोतोरांबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, पण जमत नव्हतं, कारण त्यांच्यावर माझा राग होता आणि तो बरीच वर्षं टिकला. नाव लिहीत नाही. पेडण्यातल्यांना कळेल, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

जन्म १९४५चा. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ला पोर्तुगीजांनी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या तेव्हा ते दहा वर्षांचे. गोळीबार त्यांनी काही बघितला नाही पण त्या दिवशी घरातली मोठी माणसं कुजबुजत होती आणि आजीने सगळ्या मुलांना दार लावून माजघरात बसवलं, ही आठवण ते नेहमी सांगायचे. दुसरी गोष्ट त्याच्या आदल्या वर्षाची, म्हापशातली. डॉ. पुंडलिक गायतोंडे, सर्जन माणूस, १७ फेब्रुवारी १९५४ला एका मेजवानीला बसले होते, तिथे भाषणात कोणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगालच असं काहीतरी बोलला आणि हे सगळ्यांदेखत म्हणाले, मी निषेध करतो. बस, एवढंच. त्या एका वाक्यासाठी पकडून थेट पोर्तुगालला नेऊन टाकलं. पुढे मुक्तीनंतर १९६२ला ते लोकसभेत नेमले गेले वगैरे, पण आमच्या दोतोरांना त्याचं काही नव्हतं, त्यांना त्या वाक्याचं अप्रूप होतं. जेवताना घास हातात धरून नाही म्हणायला काय लागतं माहिताय, असं म्हणायचे.

गोवा मेडिकल कॉलेज त्या वेळी पणजीत कांपालला होतं. पोर्तुगीजांनी १८४२ला काढलेली एस्कोला मेडिका, ती १९६३ला मुंबई विद्यापीठाला जोडून मेडिकल कॉलेज झाली, आणि पहिल्या काही वर्षांतल्या पोरांत हे. आता कॉलेज बांबोळीला आहे आणि त्या जुन्या बिल्डिंगीपुढे २००४पासून इफ्फी या फिल्म फेस्टिव्हलचं रेड कार्पेट घालतात. दोतोर एकदा तिथे फिल्म बघायला गेले आणि अर्ध्यातून उठून आले, म्हणाले माझं सगळं लक्ष भिंतींकडे, इथे आमचा वॉर्ड होता का तिथे, हिरो मेला कधी कळलंच नाही.

शिकत असतानाच १६ जानेवारी १९६७चा ओपिनियन पोल आला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा, दोन पानं म्हणजे वेगळं राहा. पेडणे, डिचोली, सत्तरी हा सगळा पट्टा फुलाचा, हॉस्टेलमधले दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचे मित्र दोन पानांचे. त्या वेळी मताला वय लागायचं २१ आणि यांना नेमकं २१ पूर्ण, म्हणजे आयुष्यातलं पहिलं मत. फुलाला दिलं. पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०, हे आकडे त्यांना शेवटपर्यंत पाठ होते, फरक ३४,०२१ हा तर ते पाढा म्हटल्यासारखा म्हणायचे. हरलो त्या रात्री दोन पानांवाल्या रूममेटने चहा पाजला, म्हणाला, रडतोस काय, उद्या अ‍ॅनाटॉमीची टेस्ट आहे. मराठी-कोंकणीच्या भांडणात मी पडत नाही, आमची आई ओरडते कोंकणीत आणि आरती म्हणते मराठीत, आणि दोन्ही तेवढ्याच मोठ्याने.

१९७२ला गावी परत आले. बाबा दोन वर्षांनी लागले. बरोबरीचे काही मुंबईला गेले, काही परदेशात, यांनी येझदी घेतली आणि मालपे, धारगळ, कोरगाव, पालये, वर सड्यावरच्या धनगरांच्या वस्तीपर्यंत, जिथे येझदी जाईना तिथे चालत. पैसे नसले की वहीत. काजीच्या दिवसांत वही थोडी रिकामी व्हायची, कारण काजू विकून लोकांकडे पैसे असायचे, पाऊस लागला की परत भरायची.

आता खरी गोष्ट. दोतोरांचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे नाय. पेडण्याचं नाय, लांबवलेलं नाही, आणि त्यावर अपील नाही. म्हातारी बाकड्यावरून उठून आत यायची आणि म्हणायची, दोतोर, पाच रुपये दितंय पण एक इंजेसांव मारा. हे तिचा हात हातात घ्यायचे, नाडी बघायची ती बघायचे, मग सोडायचेच नाहीत हात. काल काय खाल्लंस, सून माहेरून आली का, झोप लागते का, म्हैस व्याली का. पाच मिनिटं, दहा मिनिटं, बाहेर बाकडं गच्च भरलेलं. आणि मग, आजये, इंजेसांव नाय. पेज खा, मीठ घालून. म्हातारी कुरकुरायची, एवढ्या लांब आले ते पेज खायला काय, पण जायची आणि चार दिवसांनी बरी होऊन फणस घेऊन यायची. शेजारच्या गावातला दुसरा एक दवाखाना मागेल त्याला सुई मारायचा, तिकडे गर्दी जास्त. बाबा एकदा म्हणाले, दोतोर, सलाइनचं पाणीच तर आहे, मारलं असतं तर म्हातारी खूश. त्यावर दोतोर दोन दिवस बाबांशी बोलले नाहीत.

मी हे नाय लहानपणी इतकं ऐकलंय की मला वाटायचं डॉक्टर होणं म्हणजे नाही म्हणायला शिकणं.

राजकारणात ते आले ते १९८६च्या पावसामुळे. त्या वर्षी ५ जुलैला पणजीचा मांडवीचा पूल पडला. पूल पडणं म्हणजे काय हे आजच्या पोरांना कळणार नाही, तीन-तीन पूल एका रांगेत बघतात ते. पेडणे, बार्देश, डिचोलीतून पणजीला जायचं तर बेतीला येऊन फेरीची रांग. काही आठवड्यांतच आमच्या वाड्यावरचा एक माणूस शेतात घोणस चावून आला. दोतोरांनी करायचं ते केलं, म्हापशाला आझिलो हॉस्पिटलात नेलं, पण दुसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, घोणशीचं विष किडनीवर जातं, म्हणजे पणजीला मेडिकललाच न्यायला हवं. बाबा सोबत होते. बेतीच्या धक्क्यावर पाऊस, गाड्यांची रांग, फेरी पलीकडे, आणि बाबा गाडीत वाकून उभे, हातात सलाइनची बाटली उंच धरलेली. किती वेळ, ते बाबांनी कधी मिनिटांत सांगितलं नाही, एक हात भरून आला की दुसऱ्या हातात, अशी सहा वेळा हात बदलला असं सांगायचे. माणूस पणजीला पोचला जिवंत. तीन दिवसांनी गेला. लवकर पोचला असता तर वाचला असता का, दोतोर म्हणायचे सांगता येत नाही, कदाचित नसता वाचला, आणि हे कदाचितच त्यांना झोपू देईना. मी चिठ्ठीवर ताबडतोब न्या असं लिहून देतो, पण ताबडतोब कसं न्यायचं हे ज्याच्या हातात आहे तो माझ्या चिठ्ठ्या वाचत नाही, असं म्हणाले. बाबा म्हणतात त्याच दिवशी कळलं मला, हा माणूस आता उभा राहणार.

३० मे १९८७ला गोवा राज्य झालं, विधानसभा ३० वरून ४० जागांची झाली आणि १९८९च्या नोव्हेंबरात ४० जागांची पहिली निवडणूक लागली. दोतोर अपक्ष. निशाणी मिळाली शिडी. विरोधकांना आयतंच मिळालं, दोतोर आता शिडी लावून माडावर चढणार, खाली नारळ पाडणार, असं घुमटावर, म्हणजे मडक्याच्या वाद्यावर, गाणं केलं होतं कोणीतरी, चाल चांगली होती, आम्ही पोरंसुद्धा म्हणायचो.

बाहेरच्या लोकांना एक समजत नाही ते इथे सांगतो. गोव्याचे मतदारसंघ किती लहान आहेत. आजही एका मतदारसंघात २५-३० हजार मतदार, तेव्हा तर त्याहूनही कमी. २०२२ला खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीतून ६६६ मतांनी आले आणि सांत आंद्रेची जागा ७६ मतांनी गेली. ७६ म्हणजे दवाखान्याची एका सकाळची ओपीडी हो! त्यामुळे आमच्याकडे डॉक्टर राजकारणात येतो याचं आश्चर्य नाही, येत नाही त्याचं आश्चर्य. विल्फ्रेड डिसोझा एफआरसीएस सर्जन, तीनदा मुख्यमंत्री. लुईस प्रोतो बार्बोझा डॉक्टर. सुरेश आमोणकर डॉक्टर, आरोग्यमंत्री होते, २०२०ला कोविडमध्ये गेले. प्रमोद सावंत आयुर्वेदाचे. मागे जायचं तर लोहियांना १९४६ला असोळण्याला स्वतःच्या घरी ठेवून घेणारे जुलियांव मिनेझिस डॉक्टर, पोर्तुगालच्या संसदेत एकोणिसाव्या शतकात भाषणं ठोकणारे नावेलीचे फ्रान्सिस्को लुईस गोमिश डॉक्टर, आणि १८३५ला गोव्याचा कारभार हातात आलेला पहिला गोंयकार बेर्नार्द पेरिश द सिल्व्ह, तोही वैद्यकीवालाच, त्याला तर तीन आठवडेसुद्धा टिकू दिलं नाही. नाडी बघणाऱ्याला घराच्या आत प्रवेश असतो, माजघरापर्यंत. दुसऱ्या उमेदवाराला पडवीतूनच हात जोडावे लागतात.

पण आमच्या दोतोरांना हा फायदा घेताच आला नाही. प्रचाराला घरात शिरले की आधी जीभ बघायचे. एका घरात तापाने फणफणलेलं पोर होतं, तिथे दोन तास बसले, पुढच्या वाड्यावर लोक पेट्रोमॅक्स लावून वाट बघत राहिले आणि मग घरी गेले. कोणीतरी सुचवलं, उधारीची वही आहे ना, जाहीर करून टाका सगळी माफ, शिडीला मत द्या. दोतोरांनी बाबांना सांगितलं वही कपाटात घाल, कुलूप लाव, चावी मला दे, मतमोजणी होईपर्यंत वही उघडायची नाही, ना लिहायला ना खोडायला. त्या महिन्याभरात ज्यांनी उधारीवर औषध नेलं ते कुठेच लिहिलं गेलं नाही, म्हणजे तेवढं फुकटच झालं, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. बाबांच्या आलं होतं, बोलले नाहीत. आणि एका बैठकीत पोरांनी विचारलं, निवडून आलात तर सरकारी नोकऱ्या देणार ना. दोतोर म्हणाले, नाय. नोकऱ्या माझ्या खिशात नाहीत. रस्ता, पाणी, अ‍ॅम्ब्युलन्स, याच्यासाठी भांडेन. सभेत शांतता. माझे काका तिथे होते, ते म्हणाले त्या एका नायने शिडीची खालची पायरी मोडली.

तिसरे आले. राज्यात काँग्रेस २०, मगो म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक १८, अपक्ष २, आणि त्या दोन अपक्षांत आमचे नव्हते. बरंच झालं म्हणा. मार्च १९९०ला सरकार कोसळलं, मग अठरा दिवसांचा एक मुख्यमंत्री, मग आठ महिन्यांचे डॉ. बार्बोझा, मग राष्ट्रपती राजवट, आणि तिथून २०००पर्यंत गोव्याने डझनभर शपथविधी बघितले. पणजीत कोण कुठल्या हॉटेलात बसलाय याच्या बातम्या रोज. दोतोर पेपर वाचून दाखवायचे बाकड्यावरच्या पेशंटना, आणि म्हणायचे, बघा, मला पाडलंत म्हणून मी तुमच्यासमोर बसलोय, नाहीतर मलाही कोंबडीसारखा पाटीखाली झाकून ठेवला असता.

तरी सोडलं नाही. पंचायतीला उभे राहिले, गोव्यात पंचायतीला पक्षाची निशाणी नसते, माणूस बघून मत देतात असं म्हणायचं असतं. निवडून आले, पुढे सरपंच झाले. आणि इथून बाकडं बदललं. म्हणजे बाकडं तेच, दवाखाना तोच, वेळ तीच सकाळची नऊ ते एक, पण माणसं वेगळं घेऊन बसायला लागली. आधी हातात रिकामी बाटली असायची, आता प्लास्टिकच्या पिशवीत कागद. हाऊस नंबर पाहिजे. मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याचं, प्रकरण भाटकाराने, जमीनमालकाने, अडवलंय. घराच्या मागे एक खोली वाढवलीय, परवाना नाही, पंचायतीची नोटीस आलीय, काढून टाका. मध्येच एखादा खरोखर आजारी माणूस खोकत बसलेला असायचा आणि त्याचा नंबर मागे जायचा, कारण कागदवाल्याला बस पकडायची असते.

पहिलं वर्षभर दोतोर नायच म्हणायचे. परवान्याशिवाय घर, हाऊस नंबर नाय. त्याने काय झालं तर, लोक दवाखान्यात यायचे बंद झाले. हे त्यांना कळायलाच वेळ लागला. औषधाला नाही म्हटलं तर म्हातारी चार दिवसांनी फणस घेऊन येते, हाऊस नंबरला नाही म्हटलं तर अख्खं घर शेजारच्या सुईवाल्या दवाखान्यात जातं, ताप आला तरी. एका घरात लहान मुलीला न्यूमोनिया झाला, सरळ कोणाकडे यायला पाहिजे होतं ते आले नाहीत, रागाने, लांब घेऊन गेले. मुलगी वाचली. पण दोतोर हादरले. आणि त्यानंतर मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा तो दुसरा शब्द ऐकला.

बघुया.

एक माणूस इसवण, म्हणजे सुरमई, घेऊन आला होता, अख्खी, केळीच्या पानात गुंडाळलेली, दवाखान्यात वास सुटला, आणि सोबत अर्ज. दोतोरांनी इसवण परत दिली. अर्ज ठेवून घेतला. म्हणाले, बघुया. टेबलावर जाड काच होती, तिच्याखाली अर्ज सरकवला. बाबा मिक्स्चर हलवत होते, त्यांचा हात थांबला, एवढंच मी बघितलं.

बघुया हा शब्द फार सोयीचा आहे. ऐकणाऱ्याला हो ऐकू येतं, बोलणारा काहीच बोललेला नसतो. राजकारणातली सगळी माणसं तो वापरतात आणि मला त्याचं काही वाटत नाही. आमच्या माणसाने वापरला म्हणून वाटलं.

१९९६ला मी बीएस्सी झालो. केमिस्ट्री. सरकारी नोकरी पाहिजे होती, सगळ्यांनाच पाहिजे असते. बाबा म्हणाले, तू स्वतः जाऊन सांग, मी मध्ये पडणार नाही. मी अर्ज टाइप करून घेतला, सर्टिफिकेटच्या झेरॉक्स जोडल्या आणि त्या बाकड्यावर नंबर लावून बसलो, कंपाउंडरचा मुलगा असून. आत गेलो. दोतोरांनी चष्मा लावून नीट वाचलं, मार्कांचं कौतुक केलं, पट्ट्या कापायचास तू आठवतंय का म्हणाले. मी वाट बघत होतो. बघुया, म्हणाले, आणि काच उचलली.

दोन वर्षं मी थांबलो. खरंच थांबलो. वेर्ण्याला एक नोकरी मिळत होती ती सोडली, म्हटलं दोतोर बघतायत. तालुक्यात कोणाचं काय लागलं कानावर यायचं, प्रत्येक वेळी वाटायचं आता आपलं. मग एकदा बाबा आजारी होते म्हणून दवाखाना झाडायला मी गेलो, काच पुसायला उचलली, खाली वीसेक अर्ज, माझा तळाला, कागदाला काचेचा हिरवट डाग आणि वाळवीने कोपरा खाल्लेला. कुठेही गेलाच नव्हता. घरी येऊन मी बाबांना म्हटलं तर ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते ते तसेच राहिले, म्हणाले, मी रोज पुसतो ती काच. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांना मला सांगता येत नव्हतं आणि दोतोरांना विचारता येत नव्हतं. ते नाय म्हणाले असते तर मी त्याच संध्याकाळी वेर्ण्याची बस पकडली असती, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

मी पणजीला निघून गेलो, खाजगीत लागलो, बरं चाललं. दोतोरांशी नमस्कारापुरतं.

२०००ला जिल्हा पंचायतीला उभे राहिले आणि आले निवडून, चांगल्या मतांनी. वीसपैकी वीस अर्जवाल्यांच्या घरची मतं मिळाली असणार! जिल्हा पंचायतीबद्दल काय सांगायचं, दोन आहेत गोव्यात, उत्तर आणि दक्षिण, मेंबर आहेत, चेअरमन आहे, गाडी आहे, फक्त अधिकार नाहीत. दोतोर म्हणायचे गळ्यात स्टेथोस्कोप घातलाय पण औषधाच्या कपाटाची चावी दुसऱ्याकडे. त्याच सुमाराला मोपा विमानतळाचं नक्की होत होतं आणि सड्यावरची माणसं, ज्यांच्या गुरांचं चरणं आणि काजी तिथे, ती यायला लागली. सड्यावरच्या धनगरांना दोतोरांनी लहानाचे मोठे होताना बघितलेले, त्यांच्या बाळंतपणांना चालत गेलेले. एक म्हातारा येऊन बाकड्यावर बसला आणि विचारलं, दोतोर, आमचां घर जातलां काय ऱ्हवतलां? दोतोरांकडे उत्तर नव्हतं, आणि बघुया म्हणायचा धीरही झाला नाही म्हणे, त्याचा हात हातात घेऊन नुसते बसून राहिले. बाबांनी सांगितलेलं आहे हे. विमानतळ व्हायला २०२२चा डिसेंबर उजाडला. मी आता त्याच विमानतळावरून पुण्याला मुलीकडे जातो, खोटं कशाला बोलू, सोय आहे.

पाच वर्षं संपली आणि दोतोर परत उभे राहिले नाहीत. कारण कोणालाच सांगितलं नाही. वर्षभर लोक सवयीने पिशवीत कागद घेऊन यायचे. मग हळूहळू परत बाटल्या, म्हणजे बाटल्या कसल्या, तोपर्यंत स्ट्रिपा आल्या होत्या, मिक्स्चर कोण पितंय. त्यामुळे बाबांनाही काम उरलं नाही, २००५लाच तेही घरी बसले.

२०११ला बाबांना लिव्हरचा कॅन्सर निघाला. पसरलेला. मी मुंबईला न्यायची तयारी केली, तिकिटं, राहायची सोय, कर्जाचं पण बघून ठेवलं. आणि सगळे म्हणत होते न्या, पणजीतले एक डॉक्टर म्हणाले प्रयत्न करून बघू, दुसरे म्हणाले बघू काय ते. बाबा कोणालाच हो म्हणेनात. एक दिवस म्हणाले, दोतोरांना बोलाव.

संध्याकाळी स्कूटरवरून आले, ६६ वर्षांचे, रेनकोट तसाच ठिबकत. मी रिपोर्टांची फाइल दिली, ट्यूबखाली उभं राहून एकेक कागद पूर्ण वाचला, मला वाटलं आता हेही म्हणणार. खुर्ची ओढून बाबांच्या जवळ बसले, मनगट हातात घेतलं. काल काय खाल्लंस, झोप लागते का. तेच सगळं. आमची मांजर कुठे दिसत नाही म्हणाले. आई दारात उभी होती. खूप वेळाने म्हणाले, नाय. मुंबईला नको. तिकडे नेऊन हाल होतील, आणि परत आणायला ह्या पोराला एकट्याला जमणार नाही. घरीच राहा, मी येतो रोज.

बाबांचा चेहरा मी बघत होतो. घाबरेल असं वाटलं होतं. ते हसले. म्हणाले, दोतोर, कितक्या वर्सांनी नाय म्हटलांत.

दोतोर म्हणाले, आता खंय इलेक्शन आसा माका.

दोघे असे हसायला लागले की बाबांना ठसका लागला आणि आई आतून पाणी घेऊन धावली. मग दोतोरांनी पॅड काढून दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या, बाबांनी कागद मागून घेतला, चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून वाचला आणि बोट ठेवलं, हे रात्रीचं जास्त होतंय, माझं लिव्हर गेलंय ना. दोतोरांनी परत वाचलं, हो रे म्हणाले, खोडलं, अर्धी केली, आणि खोडलेल्या ठिकाणी सही केली. सव्वादोन महिने रोज येत होते, एक दिवस चुकला, त्या दिवशी फोन केला होता. माझ्या अर्जाबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. २०१९ला गेले.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी बाकडं मांगरातून काढून पडवीत आणलं, घासलं, तेल लावलं. पायाखाली घालायला कौलाचा तुकडा शोधला, एक पातळ झाला, एक जाड झाला. अजून डुलतंय.